चीजकेक केकच्या गटात नको: आपल्या कल्चरल कमिटीला खुलं पत्र

कल्चरल कमिटीतल्या सगळ्या काका-काकूंना आणि ताई-दादांना नमस्कार,

डिसेंबरच्या बेकिंग स्पर्धेचे नियम या आठवड्यात फायनल होणार असं कळलं म्हणून आधीच लिहून टाकते, कारण एकदा ते पत्रक छापून लिफ्टमध्ये चिकटलं की मग "आता पुढच्या वर्षी बघू" एवढंच उत्तर मिळतं आणि ते बरोबरही आहे, ऐनवेळी नियम कोण बदलणार. तर माझं म्हणणं एकच आहे, चीजकेकला केकच्या गटातून काढा आणि पाय-टार्टच्या गटात टाका, म्हणजे खाली पिठाचं नाहीतर बिस्किटाचं कवच आणि आत सारण असतं त्या पदार्थांच्या गटात. आणि नुसता गट बदलून थांबू नका, त्याला मार्क कशावर द्यायचे तेही बदला. मी बी विंगमध्ये राहते, घरच्यापुरतं बेकिंग करते, विकत नाही, स्पर्धेत काही ना काही ठेवते, यंदा मी चीजकेक ठेवणार नाहीये त्यामुळे यात माझा स्वतःचा काही फायदा नाही हे आधीच सांगते.

काहीजण म्हणतील एवढा काय इश्यू करायचा, गोड आहे, छान लागतं, खाऊन मोकळं व्हायचं. घरी खाताना मीही काही विचारत नाही. पण स्पर्धा म्हटली, गट पाडले, गटाला निकष लावले, की मग कुठला पदार्थ कुठे बसवला यावरच कोणाची मेहनत दिसणार आणि कोणाची पाण्यात जाणार हे ठरतं. गेल्या वर्षी हे आपल्या क्लबहाऊसमध्ये सगळ्यांसमोर झालं.

ए विंगमधल्या एका काकूंनी चक्क्याचा चीजकेक ठेवला होता, एगलेस, कारण स्पर्धेचा नियमच तसा आहे. दही रात्रभर फडक्यात टांगून चक्का केलेला, खाली मारी बिस्किटांचा चुरा बटरमध्ये कालवून वाटीच्या बुडाने दाबून दाबून बसवलेला, वर चक्का, कंडेन्स्ड मिल्क, थोडं कॉर्नफ्लॉवर आणि लिंबाची किसलेली साल. ओटीजीमध्ये खाली गरम पाण्याचा ट्रे ठेवून मंद आचेवर भाजला, मग ओव्हन बंद करून दाराच्या फटीत लाकडी उलथनं अडकवून तसाच निवू दिला, मग रात्रभर फ्रीजमध्ये. वरून आरशासारखा गुळगुळीत, एकसुद्धा चीर नाही. ज्यांनी चीजकेक भाजलाय त्यांना विचारा, चीर न पडता बाहेर काढणं म्हणजे काय असतं. आणि मग जज टेबलापाशी आले, त्यांनी टूथपिक घेतली, बरोब्बर मधोमध टोचली, वर काढली, टूथपिकवर पांढरं चिकटलेलं होतं, आणि कागदावर लिहिलं "मध्ये कच्चा". त्याच्या खाली "फुगलेला नाही". त्याच्या खाली "जाळी नाही". काकू शेजारीच उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत, पण तो कागद टेबलावरच पडला होता आणि आम्ही सगळ्यांनी वाचला.

जज कोण होते ते मला इथे आणायचंच नाही, कारण त्यांनी तुम्ही दिलेल्या छापील निकषांप्रमाणेच मार्क दिले. ते निकष स्पंज केकचे होते आणि समोर ठेवलेला पदार्थ स्पंज केक नव्हता. सगळी गडबड एवढ्यातच आहे.

केक म्हणजे काय ते आपण सगळे जाणतोच, पण एकदा बेकिंगच्या दृष्टीने बघा. केकचा सांगाडा मैद्याचा असतो. जुन्या पद्धतीच्या पाउंड केकमध्ये मैदा, लोणी, साखर, अंडी सगळं समसमान वजनाचं. ओव्हनमध्ये गेल्यावर बेकिंग पावडरचा गॅस किंवा फेटताना शिरलेली हवा फुगते, तेवढ्यात मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन घट्ट होतो, प्रोटीन आवळतं, आणि ते बुडबुडे जागच्या जागी अडकतात, तीच आपली जाळी. यासाठी केकच्या मध्यभागी तापमान 95 डिग्री सेल्सियसच्या आसपास जावं लागतं, तेव्हा टूथपिक कोरडी येते. म्हणजे टूथपिकची परीक्षा ही मैदा शिजला का याची परीक्षा आहे.

चीजकेकमध्ये मैदा कुठे आहे? न्यूयॉर्क स्टाइल चीजकेकला जवळजवळ किलोभर क्रीम चीज लागतं आणि मैदा किंवा कॉर्नफ्लॉवर दोन-तीन चमचे, कित्येक रेसिपीत तोही नाही. बेकिंग पावडर नाही. हवा तर मुद्दाम शिरू द्यायची नसते, अंडी घातली की मिक्सर अगदी स्लो, कारण आत हवा अडकली की ओव्हनमध्ये वर चढतो आणि निवताना खाली बसतो आणि चिरतो. हा पदार्थ घट्ट होतो तो अंड्यातल्या आणि चीजमधल्या प्रोटीनवर, म्हणजे ते सरळसरळ कस्टर्ड आहे, भाजलेलं कस्टर्ड. मध्यभागी 65 ते 70 डिग्री झालं की बाहेर काढायचं, तेव्हा टिन हलकेच हलवला तर कडा घट्ट आणि मधला भाग थरथरतो, आणि तो थरथरायलाच हवा, बाकीचं काम निवताना आणि फ्रीजमध्ये होतं. त्याला केकसारखं टूथपिक कोरडी येईपर्यंत भाजलं तर प्रोटीन आवळून पाणी सोडतं, दाणेदार होतो, मधोमध भेग पडते. म्हणजे आपल्या निकषांप्रमाणे पूर्ण मार्क मिळवायचे असतील तर चीजकेक आधी बिघडवून आणावा लागेल. हे मला गेल्या वर्षीच्या निकालापेक्षाही जास्त खटकतं, कारण निकाल एकदा लागतो आणि विसरतात, पण निकष वाचून नवीन शिकणाऱ्या मुली तसंच भाजायला लागतात.

एगलेसमध्ये अंडं नसतं म्हणून कोणी म्हणेल की मग कस्टर्ड कसं. तिथे चक्क्यातलं दुधाचं प्रोटीन आणि थोडा स्टार्च मिळून ते काम करतात, बंगालमध्ये भापा दोई करतात ती याच तत्त्वावर, दही आणि कंडेन्स्ड मिल्क वाफेवर किंवा ओव्हनमध्ये सेट करायचं. आणि लांब कशाला जायचं, आपल्या घरचा खरवस घ्या. चिकाचं दूध, गूळ नाहीतर साखर, वेलची जायफळ, वाफवलं की चिकातल्या प्रोटीनमुळे आपोआप घट्ट होतं, सुरीने वड्या पडतात, ना मैदा ना सोडा. खरवस फुगला नाही म्हणून आजवर कुठल्या आजीने नाक मुरडलंय का? खरवस चांगला का वाईट हे आपण जिभेवर ठेवल्यावर मऊ लागतो का, पाणी सुटलंय का, गोडी बेताची आहे का यावरून ठरवतो, आणि काकूंच्या चीजकेकला अगदी हेच प्रश्न विचारायला हवे होते.

बरं मग कस्टर्ड आहे तर पाय-टार्टमध्ये का, असा पुढचा प्रश्न येणारच. कारण खाली कवच आणि आत सेट झालेलं कस्टर्ड ही पाय-टार्टची जुनी ठरलेली रचना आहे. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगला जो पम्पकिन पाय करतात त्यात काय असतं, भोपळ्याचा गर, अंडी, दूध किंवा क्रीम, साखर, मसाले, कवचात ओतून भाजलेलं. त्याला कोणी केक म्हणत नाही. लेमन टार्ट तसंच, खारं हवं असेल तर किश तसंच. भोपळ्याच्या गराऐवजी क्रीम चीज घाला, पिठाच्या कवचाऐवजी बिस्किटाचं घाला, झाला चीजकेक.

हे काही मी आज घरी बसून काढलेलं नाहीये. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड, त्याच्या खानसाम्यांनी 1390 च्या आसपास ज्या पाककृती लिहून ठेवल्या त्यात साम्बोकेड नावाचा पदार्थ आहे, आधी पिठाचं कवच करा, मग फाटलेल्या दुधाचं पाणी पिळून काढा, ते गाळून घ्या, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग घाला, एल्डरची फुलं घाला, कवचात भरून भाजा. सहाशे वर्षांपूर्वीचा चीजकेक, आणि तो कवचातच होता. इटलीत रिकोट्टा नावाचं मऊ चीज कवचात भरून क्रोस्टाटा करतात, आणि अमेरिकेत गेलेले इटालियन लोक ईस्टरला तेच करतात तेव्हा त्याला सरळ रिकोट्टा पाय म्हणतात.

आता दुसरी बाजूही मांडते नाहीतर तुम्ही म्हणाल की हिने सोयीचं तेवढंच उचललं. त्याहून कितीतरी आधी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, रोमचा कॅटो शेतीवर लिहिताना चीजच्या तीन-चार गोड-खाऱ्या पदार्थांची कृती देतो. त्यातल्या एकात दोन भाग चीजला एक भाग पीठ आणि एक अंडं, पानांवर ठेवून भाजायचं, हे बऱ्यापैकी केक-पावाच्या जवळ जातं. पण दुसऱ्यात, सॅव्हिलम म्हणतात त्याला, अडीच पाउंड चीजला अर्धा पाउंडच पीठ, मध, अंडं, मातीच्या भांड्यात भाजून वर पुन्हा मध आणि खसखस, हे आजच्या चीजकेकच्या जवळचं. आणि तिसऱ्यात खाली पिठाचं कवच आणि आत चीज-मधाचे थरावर थर. म्हणजे रोमन लोकांच्या काळीसुद्धा एकाच माणसाच्या लिखाणात चीजचं गोड तीन तऱ्हांनी होत होतं आणि पिठाचं प्रमाण आणि कवच यावरून ते वेगवेगळे पडत होते, नेमका माझा मुद्दा.

आजचा जो दाट चीजकेक आपल्याला माहीत आहे तो अमेरिकेतला, 1870 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावात विल्यम लॉरेन्स नावाच्या डेअरीवाल्याने फ्रेंच नशातेल चीजमध्ये जास्तीचं क्रीम घालून क्रीम चीज विकायला सुरुवात केली, 1880 मध्ये त्याला फिलाडेल्फिया हे नाव लागलं, आणि त्याच्यावर पुढे न्यूयॉर्कच्या हॉटेलांनी चीजकेकचं साम्राज्य उभं केलं. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे क्रीम चीजमध्ये दुधाचं फॅट कमीत कमी 33 टक्के असावं लागतं, म्हणून तर तो इतका जड आणि मुलायम लागतो.

आणि इथे माझ्या विरोधात जाणारी सगळ्यात दणकट गोष्ट येते, ती लपवणार नाही. ब्रुकलिनमध्ये 1950 साली सुरू झालेलं ज्युनियर्स नावाचं रेस्टॉरंट आहे, न्यूयॉर्क चीजकेक म्हटलं की लोक त्याचं नाव घेतात, आणि त्यांच्या चीजकेकच्या खाली बिस्किटाचं कवच नसतं तर पातळ स्पंज केकचा थर असतो. झालं की नाही मग केक? मी यावर बराच विचार केलाय आणि माझं उत्तर नाही असंच येतं, कारण वरचा जो इंच-दोन इंचाचा मुख्य भाग आहे तो कस्टर्डच आहे, खालचा स्पंज फक्त बूड म्हणून आहे, आणि त्याचं भाजणं, निवणं, कापणं सगळं कस्टर्डच्याच नियमाने चालतं. स्पंज चांगला झालाय का हे जरूर बघा, पण त्याच्या जाळीवरून अख्ख्या पदार्थाला मार्क देऊ नका.

मग बास्क चीजकेक. हल्ली प्रत्येक कॅफेत दिसतो, राम मारुती रोडला काचेत पण दिसतो, वरून करपलेला काळपट आणि आत जवळजवळ ओघळणारा. स्पेनमधल्या सान सेबास्तियानच्या ला विन्या नावाच्या ठिकाणी सांतियागो रिव्हेरा यांनी 1990 च्या आसपास तो बसवला. याला कवचच नाही, बटर पेपरमध्ये ओतून मोठ्या आचेवर भाजतात. कवच नाही म्हणून पाय नाही असं कोणी म्हणू शकतं आणि काटेकोर बोलायचं तर ते चूकही नाही. पण आपल्याकडे गट दोनच आहेत. दोनातून निवडायचं असेल तर जो पदार्थ कस्टर्ड म्हणून सेट होतो तो बाकीच्या कस्टर्डवाल्यांबरोबर बसू दे, ओघळणाऱ्या बास्कला टूथपिक टोचणं म्हणजे तर कहरच होईल.

एक अपवाद मात्र खरा आहे. जपानी सुफले चीजकेक, ओसाकाच्या रिकुरो ओजीसानचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील, टिनमधून काढला की जेलीसारखा डुलतो आणि वर गरम शिक्का मारतात. त्यात अंड्याचा पांढरा भाग फेसून फेसून घालतात, चीज कमी, मैदा-कॉर्नफ्लॉवर हिशोबाने घातलेला, तो फुगतो, त्याला बारीक जाळी येते, कापला की कापसासारखा. तो केकच आहे, त्याला केकच्या गटात ठेवा आणि फुगला का हे जरूर बघा. कोणी एगलेसमध्ये तो जमवून दाखवला तर मी स्वतः पहिली टाळी वाजवेन.

नो-बेकवाल्यांचं काय हेही विचारून झालंय मला. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्या बऱ्याच जणी चायनाग्रास घालून किंवा फेटलेल्या क्रीमवर फ्रीजमध्ये सेट करतात, मँगोचा तर हमखास. तो केक कसा असेल, तो ओव्हनमध्ये गेलाच नाही! खाली दाबलेलं बिस्किट, वर थंड सेट झालेलं सारण, बनॉफी पाय असंच असतं आणि त्याला सगळे बिनतक्रार पाय म्हणतात. गेल्या वर्षी बनॉफी पायला पाय-टार्टमध्ये मार्क मिळाले आणि शेजारच्या नो-बेक चीजकेकला केकमध्ये शून्य "फुगणे", दोन्हींचं बूड एकाच कंपनीच्या बिस्किटाचं.

नावात केक आहे हा एकच युक्तिवाद मला सगळ्यात जास्त ऐकवला जातो. बोस्टन क्रीम पायच्या नावात पाय आहे आणि तो दोन स्पंजच्या मध्ये कस्टर्ड आणि वर चॉकलेट असा चक्क केक आहे, मॅसॅच्युसेट्स राज्याने 1996 मध्ये त्याला आपलं अधिकृत डेझर्ट करून टाकलं तरी तो केकच राहिला. आपल्याकडे कोणी तो आणला तर तुम्ही तो पायमध्ये ठेवणार का? मग नावावर जायचं नाही हे इथेच मिटवून टाकूया. वाढदिवसाला मेणबत्त्या लावतात, गोल टिनमध्ये करतात, तिरक्या फोडी कापतात, हे सगळं पायलाही लागू होतं, मेणबत्ती तर पुरणपोळीवरही लावलेली मी बघितलीये आपल्याच बिल्डिंगमध्ये.

आणि हा बालिश वाद आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. ब्रिटनमध्ये 1991 साली जाफा केक्स हा केक का बिस्किट यावर टॅक्स ट्रिब्युनलमध्ये केस चालली, कारण तिथे केकवर व्हॅट शून्य आणि चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर पूर्ण व्हॅट. पॅकिंग बिस्किटासारखं, साइज बिस्किटाची, दुकानात बिस्किटांच्या शेल्फवर. तरी ट्रिब्युनलने पदार्थ स्वतः कसा आहे ते बघितलं, पिठाचं मिश्रण कशाचं आहे, पोत कसा आहे, आणि शिळा झाल्यावर काय होतं, केक शिळा झाला की कडक होतो आणि बिस्किट मऊ पडतं, जाफा केक कडक होतो, म्हणून केक. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2024 मध्ये खोबरेल तेलाच्या छोट्या बाटल्या खाण्याचं तेल धरायच्या का केसांचं तेल यावर निकाल दिला, वर्षानुवर्षं चाललेला वाद होता तो, आणि नुसत्या बाटलीच्या साइजवरून ते केसांचं तेल होत नाही असं कोर्टाने धरलं. एवढे मोठे लोक एवढा वेळ देऊन ठरवतात ते उगाच नाही, कुठल्या खान्यात टाकलं यावर कोणाला किती भुर्दंड पडणार हे ठरतं. आपल्या स्पर्धेत पैसे नाहीत पण जिने दोन दिवस आधीपासून चक्का टांगला तिच्यासाठी ते कमी नाही.

शिळ्याची परीक्षा आपणही लावून बघू शकतो. केक एक-दोन दिवस बाहेर डब्यात ठेवला तर जरा कोरडा होतो पण खाता येतो, प्लम केक तर आठवडेच्या आठवडे टिकतो. चीजकेक बाहेर ठेवून बघा, आपल्या घोडबंदरच्या दमट हवेत डिसेंबरमध्येसुद्धा संध्याकाळपर्यंत खालचं बिस्किट ओलं आणि वरचा भाग घामेजलेला. तो दुधाचा पदार्थ आहे आणि दुधाच्या पदार्थासारखाच वागतो.

यावरून व्यवस्थेचं सांगायचंय आणि हे कमिटीने खरंच मनावर घ्यावं. गेल्या वर्षी सगळ्यांना चार वाजता टेबलावर मांडायला सांगितलं आणि जज ट्रॅफिकमध्ये अडकले, मेट्रोच्या कामामुळे कापूरबावडीपासून काय होतं ते सगळ्यांना माहितेय, जज साडेसहाला आले. तोपर्यंत केक तसेच्या तसे आणि चीजकेक सगळे घामाघूम. क्लबहाऊसच्या पॅन्ट्रीत फ्रीज आहे, त्यात पाण्याच्या बाटल्या भरलेल्या असतात, त्या एका दिवसासाठी बाहेर काढा आणि कस्टर्डवाले सगळे पदार्थ जज समोर येईपर्यंत आत ठेवू द्या. जजना आधी हेच टेबल दाखवा, केकवाले थांबू शकतात. कापायला सुरी गरम पाण्यात बुडवून प्रत्येक फोडीला पुसून घ्यायची, नाहीतर कितीही सुरेख केलेला असला तरी फोड भरभरीत दिसते आणि दिसण्याचे मार्क जातात. एक मोठा थर्मास गरम पाणी आणि दोन फडकी, ते मी देईन.

मार्कांचं म्हणाल तर मला वाटतं चीजकेकला आधी फोड कापल्यावर ती उभी राहते का बघावं, बाजूने एकसारखी मुलायम दिसते का, दाणे किंवा पाणी सुटलेलं नाही ना, तळाचं बिस्किट चावलं की कुरकुरतं का लगदा झालाय, आंबट-गोड जमलंय का, चीज-चक्क्याची चव पुढे येते का नुसती साखर लागते. चीर पडली असेल तर थोडे मार्क कापा, जास्त नको, वर आंब्याचा थर लावून झाकलेली चीर चवीला काही करत नाही. टूथपिक टेबलावरून उचलूनच ठेवा.

ज्यांचा पदार्थ कुठे बसतो याबद्दल शंका असेल त्यांनी नाव नोंदवताना खाली कवच आहे का, मैदा किती, फुगवायला काही घातलंय का, ओव्हनमध्ये भाजलाय का फ्रीजमध्ये सेट केलाय, एवढं लिहून दिलं की गट ठरवायला कमिटीतल्या कोणालाही मिनिटभर लागेल, बेकिंग येत नसलं तरी. ओडिशाच्या बाजूचे दोन-तीन लोक आपल्या सी विंगमध्ये आहेत, ते छेना पोडा आणतील अशी मला फार आशा आहे, छेना, साखर, थोडा रवा, पानात गुंडाळून भाजतात, वरून साखर जळून तपकिरी होते, नयागढकडचा पदार्थ, आणि तोही मग या टेबलावर काकूंच्या चीजकेकशेजारी बसेल. काकूंना यंदा कमिटीतून कोणीतरी स्वतः जाऊन विचारा, त्या आपणहून नाव देणार नाहीत.

पत्रकात छापायला एक वाक्य सुचवते, हवं तर शब्द बदला: "चीजकेक (भाजलेला किंवा नो-बेक), बनॉफी, कस्टर्ड टार्ट, छेना पोडा हे पदार्थ पाय-टार्ट गटात धरले जातील, अंड्याचा किंवा इतर फेस घालून फुगवलेला सुफले चीजकेक केक गटात धरला जाईल, पाय-टार्ट गटाला फुगणे आणि जाळी हे निकष लागू नाहीत." रविवारच्या मीटिंगला मी येतेय, गेल्या वर्षीचं निकषांचं पत्रक माझ्याकडे आहे तेही आणते, तिथे बसून काय खोडायचं ते ठरवू.

आपली,
बी विंगमधली एक रहिवासी, घोडबंदर रोड, ठाणे